कडवटपणा टिकतो, गंध उडतो

हॉप्स घातलेली बिअर ताजी प्यावी की मुरवून प्यावी, या प्रश्नाला आजचे बहुतेक ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारे कारागीर, ‘ताजी’ असे उत्तर देतात. अठराव्या शतकातील इंग्रज ब्रुअरने तितक्याच ठामपणे याच्या नेमके उलट सांगितले असते. दोघेही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत, कारण या मतभेदाचे मूळ अभिरुचीच्या लहरीत कमी आणि हॉप्सच्या फुलात अधिक आहे. हॉप ही थंड प्रदेशात वाढणारी वेल असून तिच्या मादी वेलीला कागदासारख्या पातळ पाकळ्यांची, लहान शंकूच्या आकाराची हिरवी फुले येतात. असे फूल उभे फाडले, तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळीजर्द, चिकट पूड दिसते. ती बोटांवर चोळली की जातीनुसार गवताचा, मसाल्याचा किंवा संत्र्याच्या सालीचा वास येतो आणि जिभेला लागली तर कडवटपणा बराच वेळ रेंगाळतो. ल्युप्युलिन नावाच्या या पुडीत दोन वेगळ्या स्वभावांचे पदार्थ एकत्र नांदतात. एक म्हणजे राळ, जिच्यातील ‘अल्फा आम्ले’ उकळल्यावर रूप बदलून बिअरला कडवटपणा देतात. आणि दुसरे म्हणजे सुगंधी तेल, जे उकळताना बहुतांशी वाफेबरोबर निघून जाते. राळ बिअर टिकवते. तेल तिला गंध देते, पण ते स्वतः फार काळ टिकत नाही. या दोहोंपैकी ज्याची गरज ज्या काळात अधिक भासली, त्याप्रमाणे बिअर मुरवण्याची किंवा ताजी पिण्याची रीत ठरत गेली.

हॉप्स येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये ‘एल’ नावाचे जे पेय घरोघरी होत असे, ते माल्टपासून, म्हणजे भिजवून मोड आणलेल्या आणि मग भट्टीत वाळवलेल्या बार्लीपासून बनवले जाई. ते काही दिवसांतच आंबट होऊ लागे, म्हणून घरातील बायका ते वरचेवर आणि थोडे थोडे करत. साठवण्याचा प्रश्नच नव्हता. हॉप्सचा कडवटपणा पेय नासू देत नाही, ही गोष्ट बाराव्या शतकात जर्मनीतील मठाधिपती हिल्डेगार्ड हिने आपल्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात नोंदवली होती, आणि पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने हॉप्सची बिअर इंग्लंडमध्ये रुजू लागली. केंटमधील रेनॉल्ड स्कॉट याने १५७४ मध्ये हॉप्सच्या लागवडीवर जे पुस्तक लिहिले, त्यात हॉप्सच्या बाजूने केलेला मुख्य युक्तिवाद चवीचा नाही, टिकाऊपणाचा आहे : एल जिथे पंधरवडाभर टिकेल, तिथे हॉप्स घातलेली बिअर महिनाभर टिकेल, असा त्याचा हिशोब होता. यामागचे कारण विज्ञानाला फार नंतर उलगडले. हॉप्सची कडू आम्ले दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्या जातभाईंच्या पेशीत शिरतात आणि पेशीच्या आत-बाहेर असलेला आम्लतेचा फरक मोडून टाकतात, त्यामुळे त्या जंतूला अन्न आत ओढून घेता येत नाही. साखरेचे मद्यार्क करणाऱ्या यीस्टला मात्र त्याचा विशेष उपद्रव होत नाही. बेल्जियममधील लँबिक नावाच्या बिअरचे कारागीर तर आजही एक ते तीन वर्षे जुने, वास उडालेले हॉप्स मुद्दाम वापरतात, कारण त्यांना फुलाची राखणदारी तेवढी हवी असते, गंध आणि तीव्र कडवटपणा नको असतो.

टिकवण्याची ही शक्ती हाती आल्यावर बिअर मुरवण्याची कला जिथे वाढली, ते ठिकाण म्हणजे इंग्लंडमधील जमीनदारांचे ग्रामीण वाडे. विक्रीसाठी नसलेली, घरच्याच ब्रुअरने घरच्या माणसांसाठी केलेली ही बिअर होती, आणि तिचे पंचांग शेतीशी बांधलेले होते. हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेरीस सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपे, नव्या हंगामाची बार्ली हाती आलेली असे, आणि ऑक्टोबरात हवा इतकी गार होई की आंबवण्याची क्रिया सावकाश चाले आणि घातक जंतूंचा जोर ओसरे. उन्हाळ्यात घातलेली बिअर बिघडण्याची भीती मोठी असल्याने ऑक्टोबर आणि मार्च हे दोन महिनेच भारी बिअरसाठी राखलेले असत. ‘ऑक्टोबर बिअर’ या नावाने ओळखली जाणारी फिकट रंगाची, कडक आणि भरपूर हॉप्स घातलेली बिअर वर्षभर पिंपात ठेवून मग बाटलीत भरत, आणि बाटलीतही पुन्हा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ राहू देत. वारसाच्या जन्माच्या वेळी घातलेले पिंप तो एकवीस वर्षांचा झाला की फोडण्याची प्रथाही अनेक घराण्यांत होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे : ऑक्टोबर बिअरसाठी हॉप्स मात्र त्याच हंगामातले, ताजेच लागत, गोण्यांत वर्षभर पडून राहिलेल्या हॉप्सना बाजारात भाव उतरे. ताजेपणाची किंमत त्या लोकांना पुरेपूर ठाऊक होती, फक्त ती फुलापुरती होती. बिअरकडून त्यांची अपेक्षा वेगळी होती. कैरीच्या लोणच्यात मीठ आणि मोहरी सुरुवातीला वेगवेगळी लागतात आणि मुरल्यावर एकजीव होतात, त्याप्रमाणे नव्या ऑक्टोबर बिअरचा घशाला ओरखडणारा कडवटपणा आणि मद्यार्काचा तडफदारपणा काळ गेल्यावर एकमेकांत मिसळून जाई, आणि ज्यांच्याकडे तळघर, पिंपे आणि वाट पाहण्याइतका पैसा होता, त्यांनाच हे सुख परवडे.

याच बिअरचा भारताशी संबंध आला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांमुळे. लंडनच्या पूर्वेला ली नदीकाठी बो येथे जॉर्ज हॉजसन याने १७५२ मध्ये ब्रुअरी सुरू केली, आणि तिथून थोड्याच अंतरावर ब्लॅकवॉलला कंपनीची जहाजे नांगरत. जहाजांच्या कप्तानांना आणि अधिकाऱ्यांना ठरावीक वजनाचा माल स्वतःच्या खात्यावर नेण्याची सवलत असे. इंग्लंडहून निघताना जहाजे बरीचशी रिकामी असल्याने वाहतूक स्वस्त पडे, म्हणून ते हॅम, चीज, काचसामान, टोप्या, वाइन आणि बिअर भरून घेत आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील गोऱ्या वस्तीला विकत. हॉजसनने त्यांना बारा ते अठरा महिन्यांची उधारी दिली, आणि त्याच्या यशात या उधारीचा वाटा बिअरच्या गुणापेक्षा कमी नव्हता. त्याने भारतासाठी म्हणून एक नवी बिअर शोधून काढली, ही लोकप्रिय समजूत मात्र कागदपत्रांवर टिकत नाही. भारताला जाणारी फिकट बिअर ही ऑक्टोबर बिअरच्याच कुळातली होती, आणि समुद्रप्रवास सहन करणारी ती एकटीही नव्हती. काळसर रंगाची पोर्टर बिअर, जी लष्करी छावण्यांतील सामान्य गोरा सैनिक पीत असे, ती तर फिकट बिअरहून अधिक प्रमाणात भारतात उतरत होती. फिकट बिअर हे अधिकाऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे आणि कारकुनांचे पेय होते. इतिहासात नाव तिचे राहिले, याला ती कोण पीत होते हेही एक कारण आहे.

वाड्याच्या तळघरात जे दोन वर्षांत घडे, ते जहाजावर चार ते सहा महिन्यांत घडू लागले. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येताना जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडी, पिंपे तळाशी कधी गार तर कधी तापलेल्या हवेत सतत हिंदकळत राहत, आणि पिंपातील उरलेली जटिल साखर यीस्ट सावकाश खात राही. कलकत्त्याला किंवा मुंबईला पोहोचलेल्या बिअरविषयी खरेदीदारांची अपेक्षा होती ती स्वच्छ, फिकट, कोरडी आणि फेसाळ असण्याची, आणि उत्तम पिंपे ती पुरी करत. सगळी पिंपे उत्तम निघत असे नाही. काही आंबत, काही फुटत, आणि बिघडलेला माल लिलावात मातीमोल भावाने जाई. चांगला माल बाटल्यांत भरला जाई, आणि बर्फ मिळू लागण्यापूर्वी तो गार करण्याचे काम आबदाराकडे असे. आबदार हा पाणी आणि पेये सांभाळणारा नोकर, मराठी दप्तरांनाही परिचित असलेला. तो सोरा पाण्यात विरघळवी, विरघळताना सोरा उष्णता शोषून घेत असल्याने पाणी थंडगार होई, आणि त्यात बाटली हळूहळू फिरवत ठेवून तो ती जेवणाच्या वेळेपर्यंत तयार ठेवी.

हॉजसनच्या वारसांनी १८२० च्या सुमारास उधारी बंद करून आणि माल स्वतःच जहाजांनी पाठवून सगळा नफा ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरिबँक्स यांनी बर्टन-ऑन-ट्रेंट येथील सॅम्युएल ऑलसॉप यांना भारताच्या बाजारात उतरण्याचे सुचवले. रशियाशी चालणारा बर्टनचा जुना व्यापार नुकताच बुडाला होता, त्यामुळे ही सूचना वेळेवर आली. ऑलसॉपच्या जॉब गुडहेड या कारागिराने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळून पाहिला, अशी कथा बर्टनमध्ये सांगितली जाते. ऑलसॉपपाठोपाठ बास आणि इतर उतरले. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, विपुल असते. त्याने बिअर लवकर निवळते आणि हॉप्सचा कडवटपणा बोथट न होता धारदार लागतो, त्यामुळे लंडनच्या पाण्याला जे कष्टाने साधे, ते बर्टनला सहज साधले. या बिअरमध्ये हॉप्सचे प्रमाण आजच्या मापानेही थक्क करणारे होते. एका पिंपाला, म्हणजे सुमारे १६४ लिटरला, चार पौंड किंवा त्याहून अधिक हॉप्स पडत. लिटरमागे हे अकरा ग्रॅमच्या घरात जाते. यातले बहुतेक उकळीत जात, पण काही फुले न उकळता, तयार बिअरच्या पिंपात बुचाच्या भोकातून कोंबली जात. या कोरड्या हॉप्सचे तेल वाफेवर न उडता बिअरमध्येच उतरे. भरलेली पिंपे बर्टनच्या अंगणांत एकावर एक रचून, उघड्यावर, ऊन-थंडी खात महिनोन्‌महिने ठेवत, आणि मगच ती बंदराकडे रवाना होत. म्हणजे जहाजावर चढण्याआधीच ही बिअर जवळजवळ वर्षाची झालेली असे.

इतक्या हॉप्सच्या बिअरला इतका काळ आणि इतकी उष्णता कशी मानवली, हा प्रश्न आजच्या जाणकाराला पडणे स्वाभाविक आहे, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग कोपनहेगनमध्ये सापडला. कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेतील निल्स येल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये लंडनच्या ब्रुअर मंडळींसमोर एक निबंध वाचला, ज्यात इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमधून वेगळे काढलेले एक निराळे यीस्ट त्यांनी मांडले आणि त्याला ब्रेटॅनोमायसेस असे नाव दिले. नेहमीचे यीस्ट दमल्यावर लाकडाच्या भेगांत दडलेले हे यीस्ट कामाला लागते, नेहमीच्या यीस्टला न पचणारी साखर महिनोन्‌महिने खात राहते आणि जुन्या चामड्याची, सुकलेल्या फळांची आठवण करून देणारा वास सोडते. क्लाउसेन यांचे म्हणणे असे की इंग्रजी मुरलेल्या बिअरची ओळख म्हणून जी चव मानली जाते, ती याच यीस्टची देणगी आहे. आता हेही समजले आहे की पिंपात शिरणारा प्राणवायू जिवंत यीस्ट स्वतःच्या उपयोगाला घेते, आणि प्राणवायू हाच मुरणाऱ्या बिअरचा सगळ्यात मोठा वैरी असतो. हॉप्सचा गंध सहा महिन्यांत विरला तरी त्या बिअरमध्ये त्याची जागा घेणारे दुसरे काही सजीवपणे घडत होते, आणि एकोणिसाव्या शतकातील बिअर आजच्या बिअरपेक्षा वेगळी मुरण्याचे हेच कारण आहे. बासने १८६९ मध्ये घातलेली रॅटक्लिफ एल किंवा सातव्या एडवर्ड राजाच्या भेटीवेळी, १९०२ मध्ये, घातलेली किंग्ज एल या बाटल्या शंभर वर्षांनंतरही उघडून प्यायल्या गेल्या. अर्थात त्या फार कडक बिअर होत्या आणि त्यांत हॉप्सचा गंध उरण्याची कोणाची अपेक्षाही नव्हती.

मुरवण्याची ही रीत मोडली ती अनेक गोष्टी एकाच सुमारास जुळून आल्याने. रेल्वेने बिअर दूरवर दिवसाभरात पोहोचू लागली, सुवेझ कालव्याने १८६९ पासून भारताचा प्रवास आखूड झाला, पाश्चरच्या १८७६ च्या ग्रंथाने बिअर नासण्यामागचे जंतू दाखवून दिले, आणि शीतयंत्रांनी उन्हाळ्यातही बिअर घालणे शक्य केले. वर्षभर पिंपे अडवून ठेवणे म्हणजे भांडवल अडकवणे, आणि ते अडकवण्याची गरज उरली नाही. दोन-तीन आठवड्यांत विकली जाणारी हलकी बिअर हीच इंग्लंडची नेहमीची बिअर झाली. अमेरिकेत न्यूअर्कची बॅलन्टाइन ब्रुअरी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपली इंडिया पेल एल, म्हणजे भारताला जाणाऱ्या त्या फिकट बिअरच्या कुळातली बिअर, वर्षभर लाकडी पिंपांत मुरवत राहिली. ती जुन्या रीतीची बहुधा शेवटची मोठी वारसदार होती, आणि ती कंपनी विकली गेल्यावर ती रीतही संपली.

हॉप्सच्या बिअरला पुन्हा जीव मिळाला तो घरांतून. इंग्लंडमध्ये घरी बिअर बनवण्यासाठी १८८० पासून लागणारा परवाना १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला, आणि अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करमुक्त बिअर बनवण्याची मुभा मिळाली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी मात्र ती २०१३ मध्येच मान्य केली. दोन्ही देशांतले घरगुती ब्रुअर एकाच हौसेने निघाले, तरी त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लंडनच्या डर्डन पार्क बिअर सर्कल या मंडळाने जुन्या ब्रुअऱ्यांच्या नोंदवह्या अभ्यासून एकोणिसाव्या शतकातील बिअर घरच्या घरी पुन्हा घडवल्या, आणि जॉन हॅरिसन यांनी संपादित केलेल्या त्यांच्या पुस्तिकेने त्या पाककृती सर्वांसाठी खुल्या केल्या. त्या पाककृतींत मुरवण्याचा काळही सामग्रीइतकाच महत्त्वाचा मानलेला आहे, कारण अशी बिअर कोवळी असताना पिणाऱ्याला तिचा कडवटपणा सोसत नाही. ज्यांनी हे काम केले त्यांचे ऋण मोठे आहे. जुन्या बिअरविषयीचे पुष्कळसे सांगोवांगीचे ज्ञान त्यांच्या धीराने केलेल्या प्रयोगांनीच तपासले गेले.

अमेरिकेतील वाट कॅस्केड या हॉप्सच्या जातीने ठरवली. ओरेगनमधील सरकारी संशोधन कार्यक्रमातून १९७२ मध्ये बाहेर आलेल्या या जातीला ग्रेपफ्रूटच्या सालीचा आणि फुलांचा गंध आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ च्या लिबर्टी एलमध्ये तिचे कोरडे हॉप्स घातले, आणि चिको गावात घरगुती ब्रुअरांसाठी सामानाचे दुकान चालवणारे केन ग्रॉसमन यांनी १९८० मध्ये सिएरा नेव्हाडा पेल एल याच फुलावर उभी केली. पुढच्या चाळीस वर्षांत हॉप्स उकळीतून हळूहळू सरकत शेवटाकडे आले, आणि आजच्या गढूळ, रसाळ इंडिया पेल एलमध्ये तर जवळपास सगळे हॉप्स आच बंद केल्यानंतर किंवा आंबवण्याच्या टाकीत पडतात. ज्या फुलाला राळेसाठी आणले होते, त्याचे आता केवळ तेल हवे होते, आणि ते तेल मुळातच उडणारे.

मायर्सिन, लिनॅलूल यांसारखी तेलातील द्रव्ये काही आठवड्यांत विरळ होतात, काही बाटलीच्या झाकणाच्या अस्तरात जिरतात, काही प्राणवायूशी संयोग पावून मंद होतात. कडवटपणाही कमी होतो, पण सावकाश, त्यामुळे गंध गेलेली बिअर ओकीबोकी आणि खरबरीत लागते. त्याच वेळी माल्टमधून पुठ्ठ्यासारखा वास देणारे द्रव्य वर येते. घरी बिअर बनवणाऱ्याला हा धोका सर्वांत जास्त, कारण एका भांड्यातून दुसऱ्यात नळीने ओतताना, बाटली भरताना, टाकीचे झाकण उघडून हॉप्स टाकताना हवा आत येते, आणि फिकट पिवळी गढूळ बिअर पंधरवड्यात मातकट, जांभळट छटेची होऊन बसते. अमेरिकी ब्रुअरांत एक ढोबळ नियम प्रचलित आहे : ३२ अंश सेल्सियसला तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस बिअरचे सारखेच नुकसान करतात. वैशाखातील मुंबईच्या गोदामाला हा नियम लावला, म्हणजे आयात केलेली हॉप्सची बिअर येथे इतकी निस्तेज का लागते हे वेगळे सांगावे लागत नाही. रशियन रिव्हर ब्रुअरीच्या प्लिनी द एल्डर या बिअरच्या वेष्टनावर ती थंड ठेवून ताजी पिण्याची आणि न मुरवण्याची सूचना छापलेली असते, आणि स्टोन ब्रुअरीने २०१२ पासून एका बिअरच्या नावातच पिण्याची अंतिम तारीख घालायला सुरुवात केली.

महाराष्ट्रात घरी बिअर बनवण्याची ही हौस रुजलेली नाही, कारण १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तिची जागा काही अंशी पुण्या-मुंबईच्या लहान ब्रुअऱ्यांनी घेतली. पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर इतरही आल्या. टाकीतून थेट ग्लासात येणारी त्यांची बिअर गोदाम आणि ट्रक या दोहोंतून सुटते. ज्या प्रदेशाकडे बिअर वर्षभर मुरवून पाठवावी लागे, तिथेच ती आठवडाभराची असताना पिता येते, आणि हॉप्सच्या गंधासाठी येथल्या हवेत याहून चांगली सोय नाही.

ताज्या बिअरच्या या पंथाला अलीकडे जी अडचण भेडसावते, ती मात्र जुन्या बर्टनमध्येच प्रथम नीट अभ्यासली गेली होती. बर्टनच्या वर्दिंग्टन ब्रुअरीशी संबंधित रसायनशास्त्रज्ञ होरेस ब्राउन आणि त्यांचे सहकारी हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले की पिंपात कोरडे हॉप्स घातल्यावर थांबलेली आंबवण पुन्हा सुरू होते, कारण हॉप्समध्ये थोडे विकर, म्हणजे साखरेचे मोठे रेणू तोडणारे द्रव्य, असते आणि त्याने सुटलेली साखर यीस्टला मिळते. पिंपातील बिअर ताजीतवानी फेसाळ ठेवण्यासाठी बर्टनच्या कारागिरांना हा गुण हवाच होता. बिअरमध्ये कोरड्या हॉप्सची मात्रा कित्येक पटींनी वाढल्यावर, २०१० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील ब्रुअऱ्यांत डबे फुगू लागले, ठरल्यापेक्षा मद्यार्क वाढू लागला आणि लोण्यासारखा नको असलेला वास येऊ लागला; ओरेगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी या गोष्टीचा शोध घेतला, तेव्हा तो ब्राउन आणि मॉरिस यांच्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या निबंधापाशी जाऊन पोहोचला. आता घरगुती ब्रुअरही हॉप्स टाकल्यानंतर काही दिवस थांबून, घनता दोनदा मोजून, ती स्थिर झाल्याशिवाय बाटल्या भरत नाहीत.